नशीबवान माणसांना लॉटरी अधिक वेळा लागते का?

स्वतःला नशीबवान समजणाऱ्या माणसांना लॉटरी इतरांपेक्षा अधिक वेळा लागते का? ब्रिटनमधील हर्टफर्डशायर विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी हा प्रश्न प्रत्यक्ष तपासून पाहिला. मानसशास्त्राकडे वळण्यापूर्वी ते जादूचे प्रयोग करत असत, त्यामुळे माणसाचे लक्ष कुठे जाते आणि कुठे जात नाही हा त्यांचा जुना जिव्हाळ्याचा विषय होता. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीची तिकिटे घेणाऱ्या सुमारे ७०० जणांना त्यांनी सोडतीपूर्वी विचारले की, तुम्ही स्वतःला नशीबवान मानता की कमनशिबी, आणि तुम्हाला जिंकण्याची कितपत आशा वाटते? नशीबवान म्हणवणाऱ्यांची आशा साहजिकच मोठी होती. सोडत निघाल्यावर मात्र दोन्ही गटांच्या पदरात पडलेल्या निकालात काहीही फरक आढळला नाही. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या क्रमांकांवर तिकीट घेणाऱ्याच्या मनोवृत्तीचा परिणाम होण्याचे कारणच नव्हते.

हा निष्कर्ष अपेक्षित वाटला तरी त्यातून पुढचा प्रश्न उभा राहतो आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. निव्वळ योगायोगाच्या खेळात दोन्ही प्रकारची माणसे सारखीच ठरत असतील, तर आयुष्याकडे मागे वळून पाहताना एकाला ‘माझे सगळे जुळून येत गेले’ असे का वाटते आणि दुसऱ्याला ‘दुर्दैव माझ्या पाचवीलाच पुजले आहे’ असे का वाटते? दोघांच्या वाट्याला आलेल्या घटना वेगळ्या असू शकतात आणि पुष्कळदा त्या असतातही. त्या वेगळेपणाचा विचार लेखात पुढे केला आहे. परंतु एकसारख्याच घटनांमधूनही नशिबाची वेगवेगळी जाणीव तयार होते, हे आता अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे आणि ती कशी तयार होते याची यंत्रणाही बऱ्याच अंशी कळलेली आहे.

बाळाच्या जन्मानंतर पाचव्या किंवा सहाव्या दिवशी सटवाईची पूजा मांडून तिच्यापुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत महाराष्ट्रात अनेक घरांत आजही पाळली जाते. त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, असा त्यामागचा समज आहे. म्हणजे नशीब ही माणसाला जन्मापासून चिकटलेली, आयुष्यभर न बदलणारी गोष्ट आहे, ही कल्पना आपल्याला परकी नाही; आणि ती केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. टोरांटो येथील पीटर डार्क आणि जोनाथन फ्रीडमन या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले की, नशिबाकडे पाहण्याच्या बाबतीत लोकांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. काही जणांना नशीब हा स्वतःच्या बाजूने असलेला एक स्थिर गुण वाटतो, तर काहींना तो दर वेळी नव्याने पडणारा फासा वाटतो. एखादी गोष्ट अनपेक्षितपणे मनासारखी झाली की पहिल्या प्रकारच्या लोकांचा पुढच्या, पूर्णपणे असंबद्ध कामाविषयीचाही विश्वास वाढतो. दुसऱ्या प्रकारच्या लोकांना मात्र आता आपल्या वाट्याचे दान पडून गेले असे वाटून त्यांचा विश्वास उलट कमी होतो. घटना तीच असते, पण तिचा अर्थ लावण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे पुढचे पाऊल वेगळे पडते.

अर्थ लावण्याच्या या कामात सर्वांत मोठा वाटा तुलनेचा असतो, आणि तोही बहुधा न घडलेल्या गोष्टीशी केलेल्या तुलनेचा. या संदर्भातील सर्वांत बोलका अभ्यास १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधील पदकविजेत्यांचा आहे. व्हिक्टोरिया मेडव्हेक, स्कॉट मेडी आणि थॉमस गिलोविच यांनी त्या स्पर्धांच्या चित्रफिती आवाज बंद करून काही विद्यार्थ्यांना दाखवल्या आणि प्रत्येक खेळाडूच्या चेहऱ्यावरील भाव पाहून १ ते १० यांपैकी गुण द्यायला सांगितले. १ म्हणजे तीव्र दुःख आणि १० म्हणजे अत्यानंद. निकाल कळला त्या क्षणी रौप्यपदक मिळवणाऱ्यांना सरासरी ४.८ गुण मिळाले आणि कांस्यपदक मिळवणाऱ्यांना ७.१. पदक स्वीकारताना हे अंतर थोडे कमी झाले, तरी कांस्यविजेतेच अधिक आनंदी दिसत होते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे स्पष्टीकरण साधे आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूच्या मनात हुकलेले सुवर्णपदक असते, तर तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूच्या मनात पदकाविना परतणारा चौथा स्पर्धक असतो. प्रत्यक्षात अधिक मिळवलेला माणूस स्वतःला कमनशिबी समजतो आणि त्याच्यापेक्षा कमी मिळवलेला माणूस नशीबवान ठरतो, कारण दोघे ज्या काल्पनिक निकालाशी स्वतःची तुलना करतात तो निकाल वेगळा असतो.

आपण प्रेक्षकही नेमके हेच करतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांचे कांस्यपदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, आणि चार दशके उलटली तरी ती शर्यत आपण दुर्दैवाची म्हणूनच सांगतो. त्या शर्यतीत त्या पाच-सहा दशांश सेकंदांनी मागे पडल्या असत्या तर निकालपत्रकात क्रमांक कदाचित आणखी खाली गेला असता, पण ‘दुर्दैव’ हा शब्द कोणाच्याच तोंडी आला नसता. कामगिरी अधिक सरस असूनही दुर्दैव अधिक मोठे वाटते, याचे कारण पदकापासूनचे अंतर इतके कमी होते की दुसरा निकाल डोळ्यांपुढे सहज उभा राहतो. हुकलेली गोष्ट जितकी जवळची, तितकी नशिबाची जाणीव तीव्र, हा नियम चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही बाजूंनी लागू पडतो.

नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ कार्ल हाल्वोर टायगेन यांनी या नियमाची दुसरी बाजू फार बारकाईने अभ्यासली आहे. स्वतःच्या आयुष्यातील भाग्याचे प्रसंग लोकांना सांगायला लावले, तेव्हा त्यांतील पुष्कळसे प्रसंग सुखाचे नव्हतेच. अपघातातून वाचणे, मोठ्या संकटाचा घाव ओझरता लागणे अशाच कहाण्या पुढे आल्या. जिवावरचे शेपटावर निभावले की आपण त्याला नशीब म्हणतो, आणि दिवसच्या दिवस काहीही वाईट न घडता गेले तर त्याला काहीच म्हणत नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी आग्नेय आशियात त्सुनामी आली तेव्हा नॉर्वेतील अनेक कुटुंबे तिथे सुट्टीसाठी गेलेली होती. बचावून परतलेल्या पर्यटकांच्या मुलाखती टायगेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने पुढे घेतल्या. इतक्या भीषण आपत्तीत सापडणे हे कोणत्याही हिशेबाने दुर्दैवच, तरीही जवळजवळ सर्वांनी स्वतःला नशीबवान म्हटले. ‘आम्ही तिथे गेलोच नसतो तर’ या विचारापेक्षा ‘आणखी काही मिनिटे किनाऱ्यावर थांबलो असतो तर’ हा विचार त्यांच्या बोलण्यात कितीतरी पटींनी अधिक वेळा येत होता.

या सर्वांचा आपल्या रोजच्या आयुष्याशी संबंध असा आहे की, ‘झाले असते तर’ हा विचार वरच्या दिशेने, म्हणजे अधिक चांगल्या निकालाकडे जावा की खालच्या, म्हणजे अधिक वाईट निकालाकडे, हे काही अंशी घटनाच ठरवते. पण काही अंशी ती आपली सवयही असते. वाइजमन आपल्या अभ्यासात सहभागी झालेल्यांना एक प्रसंग कल्पायला सांगत: तुम्ही बँकेत रांगेत उभे आहात, इतक्यात दरोडेखोर शिरतो, गोळी झाडतो आणि ती तुमच्या दंडाला लागते. हे सुदैव की दुर्दैव? स्वतःला कमनशिबी मानणाऱ्यांना ते उघडच दुर्दैव वाटे, कारण नेमक्या त्याच वेळी त्यांनी बँकेत असायला नको होते. नशीबवान मानणारे म्हणत की हे सुदैवच, गोळी डोक्यातही शिरू शकली असती. दोन्ही उत्तरे तर्काला धरून आहेत आणि म्हणूनच हा भेद निव्वळ आशावाद म्हणून झटकून टाकता येत नाही. ज्याची तुलना नेहमी वरच्या दिशेने जाते त्याच्या आठवणीत वर्षानुवर्षे हुकलेल्याच गोष्टी साठत जातात, आणि दहा-वीस वर्षांनी त्या साठ्याकडे पाहून तो स्वतःबद्दल निष्कर्ष काढतो.

इथपर्यंत फक्त जाणिवेचा विचार झाला. मनोधारणा केवळ जाणीव बदलते की प्रत्यक्ष हाती येणाऱ्या संधीही बदलते, हा त्यापुढचा प्रश्न आहे. वाइजमन यांचा यासंबंधीचा प्रयोग फार गाजला. त्यांनी लोकांना एक वर्तमानपत्र देऊन त्यातील छायाचित्रे मोजायला सांगितली. दुसऱ्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापले होते की मोजणे थांबवा, या अंकात ४३ छायाचित्रे आहेत. स्वतःला नशीबवान म्हणवणाऱ्यांच्या ते पटकन लक्षात येई. कमनशिबी म्हणवणारे मात्र बहुधा छायाचित्रे मोजत बसत. या एका प्रयोगावर मोठा सिद्धांत उभा करू नये असे माझे मत आहे. परंतु त्यामागे असलेली लक्ष देण्याची यंत्रणा पक्क्या पुराव्यावर उभी आहे. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चाब्रिस यांनी १९९९ मध्ये लोकांना एका चित्रफितीत चेंडू किती वेळा फेकला जातो हे मोजायला सांगितले, तेव्हा मध्येच खेळाडूंमधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातील माणूस सुमारे निम्म्या प्रेक्षकांना दिसलाच नाही. समोर असलेली वस्तूही, आपण दुसरे काही शोधण्यात गुंतलो असलो, तर दिसत नाही. चिंतेने लक्षाचा पट्टा आणखी अरुंद होतो, आणि स्वतःला कमनशिबी मानणाऱ्यांमध्ये ताण अधिक आढळतो, हे लक्षात घेतले तर त्यांच्या नजरेतून संधी का निसटतात याचा उलगडा होऊ लागतो.

संधी दिसण्याइतकेच तिच्या वाटेवर असणेही महत्त्वाचे असते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत बोस्टनजवळच्या न्यूटन या गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारले की, ज्याने ही बातमी दिली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार फक्त १६.७ टक्के लोकांना ती बातमी वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती, ५५.६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि २७.८ टक्क्यांना क्वचितच भेटणाऱ्याकडून. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते, मात्र दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरत असल्यामुळे त्याच्याकडची बातमी नवी असते. नोकरी मिळालेला माणूस याला योगायोग म्हणतो आणि ते चूक नाही. पण जो लग्नकार्यात, प्रवासात किंवा जुन्या सहकाऱ्यांशी चार शब्द बोलतो त्याच्या वाट्याला असे योगायोग अधिक येतात, आणि ‘आपल्याला कोण विचारणार’ असे मानून जो अर्जच करत नाही त्याच्या वाट्याला येत नाहीत. नंतर तो अनुभव त्याची समजूत आणखी पक्की करतो.

ही समजूत पक्की होण्याची प्रक्रिया मला या साऱ्या विषयातील सर्वांत गंभीर भाग वाटतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांनी यशापयशाच्या कारणांचे वर्गीकरण करताना तीन प्रश्न महत्त्वाचे मानले: कारण माणसाच्या आत आहे की बाहेर, ते टिकणारे आहे की बदलणारे, आणि ते त्याच्या हातात आहे की नाही. या वर्गीकरणात नशीब हे बाहेरचे आणि बदलणारे कारण ठरते. आज वाईट पडलेले दान उद्या चांगले पडू शकते, म्हणून अपयशाचे खापर नशिबावर फोडल्याने माणसाची उमेद फारशी खचत नाही. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या उमेदवाराचे उदाहरण घेऊ. मोजक्या जागांसाठी हजारो उमेदवार असतात आणि गुणवत्ता यादीतून बाहेर राहणाऱ्या पहिल्या माणसात आणि आत गेलेल्या शेवटच्या माणसात कधीकधी एका गुणाचेही अंतर नसते. तिथे नशिबाचा वाटा आहे हे मान्य करणे वास्तवाला धरूनच होईल. पण ‘या वेळी थोडक्यात हुकले’ याऐवजी ‘मी कमनशिबीच आहे’ असे तो म्हणू लागला, की बाहेरचे आणि बदलणारे कारण आतले आणि न बदलणारे होऊन बसते. नशिबाच्या नावाखाली त्याने स्वतःच्या कुवतीवरच कायमचा शिक्का मारलेला असतो. घरातील मोठी माणसे सहानुभूतीने ‘तुझ्या नशिबातच नाही’ असे म्हणतात तेव्हा तीही नकळत हेच करतात, आणि एखाद्या मुलाच्या मनात हे वाक्य किती खोल उतरते याची कल्पना त्यांना नसते.

उलट दिशेची चूकही तितकीच खरी आहे. ‘मी नशीबवान आहे’ ही धारणा जिथे प्रयत्नाला वाव आहे तिथे उपयोगी पडत असली, तरी जिथे काहीच आपल्या हातात नाही तिथे ती माणसाला फसवते. एलेन लँगर यांच्या १९७५ मधील प्रसिद्ध अभ्यासात कार्यालयातील कर्मचाऱ्यांना एक डॉलर किमतीची लॉटरीची तिकिटे विकण्यात आली. काहींना स्वतः तिकीट निवडू दिले, तर काहींच्या हातात ते तसेच ठेवले. सोडतीपूर्वी तिकीट परत विकायचे झाल्यास किती घ्याल असे विचारल्यावर, हातात तिकीट मिळालेल्यांनी सरासरी १.९६ डॉलर मागितले आणि स्वतः निवडलेल्यांनी ८.६७ डॉलर. निवडल्यामुळे जिंकण्याची शक्यता तसूभरही वाढलेली नव्हती. जुगाराच्या यंत्रांत ‘थोडक्यात हुकले’ हा अनुभव पुन्हा पुन्हा येतो आणि तोही असाच काम करतो. ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की, असे थोडक्यात हुकणे अप्रिय वाटत असूनही खेळत राहण्याची इच्छा वाढवते आणि मेंदूतील जिंकण्याशी निगडित भाग त्या वेळी जागे होतात. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांत ज्यांनी घरदार पणाला लावले, त्यांना मूर्ख म्हणण्यापूर्वी ही यंत्रणा समजून घ्यायला हवी. परीक्षेत हुकलेल्या गुणातून पुढच्या वेळी काही शिकता येते. यंत्रात हुकलेल्या चिन्हातून शिकण्यासारखे काहीच नसते, तरी मनाला दोन्ही सारखेच भासते.

शुभशकुनाने कामगिरी सुधारते का, याबद्दलही सावध राहणे बरे. २०१० मध्ये जर्मनीतील संशोधकांनी प्रसिद्ध केले की, हा ‘नशीबवान’ चेंडू आहे असे सांगून दिलेल्या चेंडूने लोक गोल्फमध्ये अधिक अचूक फटके मारतात. हा निष्कर्ष जगभर पसरला. २०१४ मध्ये अमेरिकेत तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा असा परिणाम आढळला नाही. पहिली बातमी ज्यांनी वाचली त्यांपैकी फार थोड्यांपर्यंत दुसरी पोहोचली असेल.

मग ही जाणीव प्रयत्नाने बदलता येते का? थोडीफार येते, असे म्हणता येईल. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्कलो यांच्या २००३ मधील अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, तर दुसऱ्या गटाने तितक्याच त्रासाच्या गोष्टी लिहिल्या. पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळला. यात चमत्कार काही नाही. अडचण स्वतःहून लक्ष वेधून घेते, कारण ती पार करावी लागते. अनुकूल गोष्ट मात्र गृहीत धरली जाते. सायकलवरून जाताना समोरून येणारा वारा क्षणोक्षणी जाणवतो आणि पाठीमागचा वारा दोन मिनिटांत विसरला जातो, या दाखल्याने शाय डेव्हिडाई आणि थॉमस गिलोविच यांनी २०१६ मध्ये हीच गोष्ट मांडली. त्यामुळे अनुकूल गोष्टींची नोंद मुद्दाम ठेवावी लागते. यशस्वी माणसांना आपल्या यशात नशिबाचा वाटा दिसत नाही याचेही कारण हेच आहे. शिकलेले आईवडील, शहरातील घर, वेळेवर मिळालेला सल्ला ही पाठीमागच्या वाऱ्याचीच रूपे आहेत आणि ती ज्याला लाभली त्याला ती सहसा जाणवत नाहीत.

म्हणूनच ‘विचार बदला, नशीब बदलेल’ हा उपदेश सरसकट करणे मला अन्यायाचे वाटते. मनोधारणेचा परिणाम लक्ष, तुलना आणि प्रयत्न यांच्या मार्गाने होतो हे वर पाहिले. पण लक्ष देण्याची ही शक्ती स्वतःच परिस्थितीने घडत असते. अर्थशास्त्रज्ञ सेंधिल मुल्लैनाथन, मानसशास्त्रज्ञ एल्डार शाफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी दोनदा घेतली, एकदा तोडणीपूर्वी हातात पैसा नसताना आणि एकदा तोडणीनंतर पैसा आल्यावर. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्याच शेतकऱ्यांची कामगिरी तोडणीपूर्वी लक्षणीयरीत्या खालावलेली आढळली. माणूस तोच आणि त्याची कुवतही तीच, पण कर्ज, किराणा आणि मुलांची फी यांच्या हिशेबात मनाचा इतका भाग अडकलेला होता की उरलेल्या गोष्टींसाठी जागा शिल्लक नव्हती. वर्तमानपत्रातील मोठ्या अक्षरांतला मजकूर अशा वेळी दिसला नाही, तर तो दोष वाचणाऱ्याच्या दृष्टीचा मानता येणार नाही.

महाराष्ट्रातील बहुतांश शेती आजही पावसावर अवलंबून आहे आणि तिथे हे निरीक्षण थेट लागू पडते. खरीप पीकविम्याचा अर्ज करण्याची मुदत साधारणपणे जुलैअखेर संपते. त्याआधीच्या आठवड्यांत बियाणे, खते, शाळेची फी आणि लांबलेला पाऊस या सर्व चिंता एकाच वेळी येऊन पडलेल्या असतात. त्या गर्दीत ज्याचा अर्ज राहून जातो आणि पुढे अतिवृष्टीत पीक जाते, तो स्वतःला करंटा म्हणतो आणि शेजारीही तसेच म्हणतात. अर्जाची मुदत कोणत्या महिन्यात असावी, तो भरायला किती कागद लागावेत आणि त्याची आठवण गावात कोणी व कधी करून द्यावी, हे निर्णय मात्र माणसेच घेतात आणि ते बदलता येतात.